स्पेनची ती आणि आमचं सारवलेलं कोर्ट

स्पेन देश कुठं आहे, ते मला आजही नकाशात बोट ठेवून दाखवता येणार नाही. माझं शिक्षण चौथी. तिसरीला जिल्ह्याचा भूगोल होता, चौथीला राज्याचा. त्यापुढचं जग वाट्याला आलं नाही. पण त्या देशातल्या एका टेनिस खेळणाऱ्या बाईची सगळी कारकीर्द मला पाठ आहे. नात्यातल्या कोणत्या बाईला किती लेकरं झाली ते मी चुकेन, हिचं चुकणार नाही.

ती बुटकी होती. पिंढऱ्या जाड. सर्व्हिस अशी करायची, जणू माळ्यावरचं गाडगं खाली काढतेय. हातात ताकद नव्हती, पण चेंडू सोडायची नाही. समोरची कंटाळून चूक करीपर्यंत ही आपली परतवत राहायची. सोळा-सतराव्या वर्षी मोठ्यांच्यात खेळायला लागली आणि पहिली दोन वर्षं बहुतेक पहिल्याच फेरीत हरून घरी गेली. मग मातीच्या कोर्टावर मोठ्या नावाच्या पोरींना दुपारभर पळवायला लागली. एकदा पॅरिसला उपांत्य फेरीपर्यंत पोचली, तिथं हरली. पुढं गुडघा गेला. डॉक्टरांनी तो दोनदा उघडला. संपली, असं लोक म्हणाले. ती लहान लहान गावच्या स्पर्धांपासून परत सुरू झाली, परत वर आली, आणि मोठा करंडक तिला तरीही मिळाला नाही. तिशीच्या आसपास थांबली आणि आपल्या गावी पोरं शिकवायला लागली. ती थांबल्याची बातमी पेपरात चार ओळींची होती, फोटो नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं नाही. एक काम इतकी वर्षं नीट केलं, मग थांबली. माणसानं आणखी काय करायचं असतं?

ती माझ्या आयुष्यात आली शेणामुळं.

माझं माहेर नांदेड जिल्ह्यातलं, मुखेडच्या बाजूचं. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा लातूर तालुक्याचं गाव होतं. काही वर्षांनी ते उस्मानाबादपासून फुटून जिल्हा झालं. जिल्हा झाला म्हणजे आमच्या वस्तीला काय कळलं, तर पांढऱ्या गाड्या वाढल्या आणि आमच्या मालकांना नव्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली. बाहेरगावचे साहेब आले. त्यातल्या सगळ्यात मोठ्या साहेबांना संध्याकाळी टेनिस खेळल्याशिवाय करमायचं नाही. क्लबाच्या मागं बाभळी काढून त्यांनी कोर्ट करायला घेतलं. सिमेंट नको, म्हणाले, माती पाहिजे. ते दक्षिणेकडं कुठं तरी नोकरीला असताना तिथली पद्धत बघून आले होते. बारीक चाळलेला मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि वरून शेणाचा पातळ हात द्यायचा. म्हणजे धूळ उडत नाही आणि चेंडू सरळ उडतो.

माळ्याला शेणात हात घालायची लाज वाटली. आमचे मालक साहेबांना म्हणाले, "सारवायला आमची मंडळी येईल." अशी मी कामाला लागले. अंगण सारवायला येतं, एवढ्या एका गुणावर. कोर्ट म्हणजे मोठं अंगण. हात मागं मागं घेत जायचं, फटकारा एकसारखा ठेवायचा, सांधा दिसू द्यायचा नाही. नंतर चुन्याच्या रेघा. आठ दिवसांनी साहेब म्हणाले, "असं कोर्ट मी कुठंही पाहिलं नाही." मी म्हटलं, "तुम्ही घर बी पाह्यलं नसंल मग." ते हसले. मी हसण्यासाठी बोलले नव्हते.

साहेब लोकांसोबत खेळायला आणि त्यांना शिकवायला एक मार्कर ठेवला होता. म्हातारा, हैदराबादचा, तोंडात कायम पान. सगळे त्याला चाचा म्हणत. तो मराठी समजायचा, पण बोलायचा आपली दख्खनी. माझी थोरली लेक तेव्हा चौदा वर्षांची होती. शाळा सुटली की माझ्याकडं यायची आणि भिंतीवर फुटक्या फळीनं चेंडू मारत बसायची. चाचानं ते पंधरा दिवस नुसतं बघितलं. एक दिवस तारा तुटलेली एक रॅकेट बांधून-सांधून आणली आणि माझ्यासमोर तिच्या हातात दिली.

मी म्हटलं, "चाचा, तिला कामाला लागू द्या की. हे साहेबांचे खेळ."

"बाई," तो म्हणाला, "तुम शेण मारो. मेरे काम में हात नको घालो."

माझ्या कामात कुणी हात घातलेला मलाही चालत नाही.

क्लबात इंग्रजी खेळांचं एक मासिक यायचं. जुने अंक साहेबांच्या बाईसाहेब माझ्या लेकीला द्यायच्या. त्यात एकदा ती स्पेनची निघाली. मातीच्या कोर्टावर दोन्ही पाय फाकून घसरत चेंडूपर्यंत पोचलेली, मोजे विटकरी, गुडघे विटकरी, कपाळावरसुद्धा मातीचा पट्टा. लेकीनं इंग्रजी वाचून सांगितलं, "माय, हिच्या देशात समदे मातीवरच खेळतेत. लहानपणापासून."

मी फोटो हातात घेऊन बघितला. बाकीच्या फोटोतल्या बाया इस्त्रीतून काढल्यासारख्या होत्या. ही एकटी कामावरून आल्यासारखी दिसत होती. मी म्हटलं, "ही बरी हाय. हिला ठिव."

तेव्हापासून आम्ही तिच्या मागावर होतो. लेक इंग्रजी मासिकातून, मी मराठी पेपराच्या शेवटच्या पानावरून. मराठी पेपरात तिचं नाव दर वेळी वेगळं छापायचे, पण आम्ही ओळखायचो. ती हरली की चाचा नेमाचा चहा घ्यायचा नाही. एकदा क्लबाच्या टीव्हीवर तिला हलताना बघितलं, पण ते गवताच्या कोर्टावर. हां हां म्हणता हरली. मी म्हटलं, गवतात कशाला खेळतेत? तिथं शेरडं चारावीत. चाचाला ते इतकं पटलं की त्यानं ते साहेबांना जाऊन सांगितलं.

माझी लेक तिचं बघून घसरायला शिकली. माझं सारवण तसं होतं. वर गुळगुळीत, खाली घट्ट. चेंडू लांब पडला की ती पळत जायची, शेवटचं हातभर घसरायची आणि घसरता घसरता मारायची. मोठ्या साहेबांनासुद्धा ते जमायचं नाही. एकदा करायला गेले आणि बसले. आठ दिवस काठी घेऊन कचेरीत गेले.

मग पाऊस गेला. एक वर्ष कमी झाला, दुसऱ्या वर्षी झालाच नाही. दुष्काळाचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको, ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगून कळत नाही. आमच्या वस्तीतला हापसा नुसती हवा ओढायला लागला. टँकर आला तर आला. क्लबाच्या टाकीत मात्र पाणी पडायचं, कारण तीच टाकी बंगल्यांना होती. आणि त्या पाण्यातून मी सकाळ-संध्याकाळ कोर्ट भिजवायची. मुरमाच्या कोर्टाला पाणी नाही मिळालं तर ते चार दिवसांत भेगाळतं.

त्याच हंगामात निवडचाचणीचं पत्र आलं. शाळांच्या राज्य स्पर्धेसाठी आमच्या बाजूच्या जिल्ह्यांतून मुलींचा एक संघ निवडायचा होता. चाचणी लातूरला, आमच्या कोर्टावर. पाच मुली खेळणार, तिघी संघात जाणार, एक राखीव. माझ्या लेकीचं नाव पाचांत होतं. चाचा म्हणाला, या मातीवर तिला हरवणारी आसपासच्या जिल्ह्यांत नाही. लेक पण तसंच समजून होती. तिला दुसरं काही सुचत नव्हतं. भाकरी खाताना डाव्या हातानं रॅकेट धरायची.

एका सकाळी मी पाईप घेऊन कोर्ट भिजवत होते. कुंपणाच्या तारेपलीकडं आमच्याच वस्तीतल्या बाया घागरी घेऊन टँकरची वाट बघत उभ्या. त्यातली एक माझ्याच गल्लीतली, रोज जयभीम घालणारी. ती दुसरीला म्हणाली, मला ऐकू येईल असं, "बघ व अक्का, जमिनीचं नशीब. तिला दोन टाईम आंघोळ हाय."

दुसरी म्हणाली, "जमिनीला कामून बोलतीस? हिची पोरगी नाचती तिच्यावर."

मी पाईप खाली ठेवला नाही. राग आला होता म्हणून उलट जास्तच पाणी मारलं. घरी आले तर पाटीत धुण्याचा ढीग आणि रांजणात तळाशी गाळ. त्या दिवशी मी विचार केला असं नाही. विचार करायला लागतो तेव्हा, जेव्हा बरोबर काय ते माहीत नसतं.

दुसऱ्या दिवशी साहेब खेळायला आले तेव्हा त्यांना सांगितलं, "साहेब, आजपासून मी ह्या पाण्यानं कोर्ट भिजवणार न्हाई. ते कुंपणाबाहेर सोडा."

साहेब म्हणाले, "पंधरा दिवसांवर चाचणी आहे. तुमचीच मुलगी खेळणार आहे ना?"

"हाव. तरी बी."

ते थोडा वेळ रॅकेटच्या तारा सरळ करत राहिले. मग त्यांनी माळ्याला बोलावलं आणि पाईप तारेखालून बाहेर काढायला सांगितला. रोज सकाळी तासभर. माणूस चांगला होता. त्यांना आधीच सुचायला पाहिजे होतं, पण मलाही दोन महिने सुचलं नव्हतं.

लेकीला संध्याकाळी कळलं. ती रडली नाही, ते मला जास्त जड गेलं. एवढंच म्हणाली, "पंधरा दिवस बी थांबली न्हाईस माय?"

मी म्हटलं, "कोर्ट मी करून देते. चांगल्या पाण्याबिगर."

हा माझा ताठा. चाळीस घरांची अंगणं मी सारवली होती, मला वाटलं, सारवण कशाचंही होतं. बंगल्यांच्या मोरीचं पाणी मी हौदात धरायला लागले. आंघोळीचं, भांड्यांचं, तांदळाचं. ते मुरमावर मारलं, रोलर फिरवला, बरं बसलं. प्रश्न शेणाचा होता. आम्हाला शेण देणाऱ्या गवळ्यानं म्हशी औशाच्या रस्त्यावर दुष्काळातल्या जनावरांच्या छावणीत नेऊन बांधल्या होत्या. मी छावणीत गेले आणि पाट्याच्या पाट्या भरून आणलं. आता इथं मला कळायला पाहिजे होतं. छावणीत जनावराला कडबा नव्हता. उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं नाहीतर अख्खा ऊस तोडून घालायचे. असल्या जनावराचं शेण पातळ आणि उसाच्या चोयट्यांनी भरलेलं. त्याला धर नसतो. माझ्या आईनं ते पाटीत बघूनच फेकून दिलं असतं. मी हातात घेतलं, वासावरून ओळखलं, आणि चालेल म्हणाले. दुसरं नव्हतं, हे खरं. पण न सारवता कोरडं ठेवलं असतं तर निदान खेळता आलं असतं. पाहुणे यायचे आणि अंगण सारवलेलं नाही, हे माझ्या हातांना पटेना.

आदल्या दिवशी सारवलं. उन्हात वाळून कोर्ट असं दिसत होतं की चाचानं कानाच्या पाळीला हात लावला. सकाळी निवड करणारे आले, पाच मुली आल्या. पहिलीच जोडी खेळायला उतरली, तिसऱ्या-चौथ्या चेंडूला एकीचा पाय पडला आणि सारवणाचा पापुद्रा उठला. भाकरीचा उठतो तसा, तळहाताएवढा. मग दुसरा. मग एका ठिकाणी चेंडू पापुद्र्याखाली शिरला आणि तिथंच राहिला. निवड करणाऱ्यांतले एक जाड भिंगाचे गृहस्थ वाकून तो पापुद्रा उचलून बघायला लागले.

"हे काय आहे?"

"शेण हाय," मी म्हटलं.

"ते दिसतंय. हे कोर्ट आहे की भाकरी?"

कुणी हसलं नाही, कारण आधी साहेबांनी हसायचं असतं आणि ते माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. तासाभरात ठरलं, चाचणी परवा नांदेडला. तिथं सिमेंटचं कोर्ट आहे.

लेक माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. नांदेडच्या एसटीत मी, ती आणि चाचा. तिनं चाचाला मध्ये बसवलं. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मी भजी घेतली. तिनं चाचाच्या हातानं घेतली, माझ्या हातानं नाही. मी म्हटलं, भूक तर आहे ना, मग राग फार मोठा नाही.

नांदेडचं कोर्ट पांढरंफेक, ऊन परतवणारं. चेंडू आमच्यापेक्षा दुप्पट वेगानं यायचा. माझी लेक सवयीनं घसरायला गेली आणि सिमेंटनं तिचे पाय धरले. ती तोंडावर पडली. उठली, परत तेच. दोन्ही गुडघे सोलले. पहिला सामना ती इतक्या लवकर हरली की चाचाचं पान संपलं नाही.

मधल्या वेळेत ती नळाखाली गुडघे धरून बसली. मी गेले. मनात होतं की चूक माझी आहे म्हणावं, तोंडातून दुसरंच निघालं. "अंगण न्हाई ते पोरी, फरशी हाय. फरशीवर तू घसरत चालतीस का? पाय उचल."

"तूच सवय लावली न्हवं घसरायची."

"लावली. आता मोड."

चाचा म्हणाला, "बारीक कदम. छोटे छोटे. मां बरोबर बोल रही."

दुसऱ्या सामन्यात ती चिमणीसारखी बारीक पावलं टाकत खेळली. दिसायला वाईट, पण पडली नाही. परतवत राहिली, परतवत राहिली. समोरची नांदेडचीच होती, पांढरे बूट, पांढरी टोपी. शेवटी तीच वैतागून चेंडू बाहेर मारायला लागली. लेक जिंकली. पण हिशेबात चौथी आली. तिघींची नावं वाचली, मग ते गृहस्थ म्हणाले, "राखीव," आणि तिचं नाव घेतलं.

स्टँडवर ती बाकड्यावर बसली आणि तेव्हा रडली. म्हणाली, "राखीव म्हंजे नुसतं सामान सांभाळायचं. मी जाणार न्हाई."

मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "त्या शेणानं तुझा नंबर गेला. पाणी दिलं ते बरोबर केलं, ते परत बी करीन. पण शेण चुकलं. ते माझं हाय."

चाचा समोर उभा राहून पानाला चुना लावत होता. तो म्हणाला, "वो स्पेन वाली को मालूम है, पहली बार पॅरिस कैसा मिला?" मग त्यानं सांगितलं. बाईसाहेबांनी कधी तरी मासिकातून वाचून दाखवलं होतं. मोठ्या स्पर्धेच्या आधी लहान सामने असतात, ते जिंकणाऱ्यांनाच आत घेतात. ती ते हरली होती. पिशवी भरून घरी निघाली होती. तेवढ्यात आतल्या एकीचा पाय मुरगळला आणि हिला हाक आली, चल, तुला घेतलं. त्या वर्षी तिनं आत जाऊन दोन सामने काढले.

"पिशवी भरली होती?" लेकीनं विचारलं.

"हौ. मगर स्टेशन नई गई थी."

लेक गेली. पुण्याला स्पर्धा होती, शाळेच्या बाईंसोबत आठ दिवस. मी कोर्टावरचे पापुद्रे खराट्यानं काढत बसले. सगळं कोर्ट पुन्हा मुरमापर्यंत खरवडावं लागलं. रोज कुंपणापलीकडं बाया पाणी भरायच्या. त्यातली ती गल्लीतली एक दिवस आत आली, पदर खोचला आणि न विचारता दुसरा खराटा घेतला. म्हणाली, "पोरगी कवा येती?"

"शनिवारी."

"खेळवली का तिला?"

"मला काय ठावं? मी काय पुण्यात हाय?"

"लई तोंडाळ हायस बाई," ती म्हणाली आणि झाडत राहिली.

शनिवारी मी स्टँडवर गेले. लेक उतरली. गुडघ्यांवरच्या खपल्या गेल्या होत्या आणि मोज्यांना विटेचा रंग होता. मी पिशवी घेतली. ती चालायला लागली, मी पण. एसटी कँटीन मागं पडल्यावर मी विचारलं,

"खेळवलं?"

"एकदाच. एकीला गालगुंड झालं."

"मग?"

"पहिला सेट मी घेतला. मग हरले." थोडं चालून म्हणाली, "मातीचं कोर्ट होतं माय. लई घसरले. टाळ्या वाजवल्या लोकांनी."

"कुणी सारवलं होतं?"

"सारवत न्हाईत तिथं. विटेचा भुगा टाकतेत."

"नुसता भुगा? वर काही न्हाई?"

"काही न्हाई."

"आन् त्याला कोर्ट म्हणतेत?"

ती महिन्याभरानं पहिल्यांदा हसली, रस्त्यात उभी राहून, पोट धरून. मग म्हणाली, "पुढच्या साली पाऊस पडो न पडो, छावणीचं शेण आणू नको."

मी म्हटलं, "तू तिघींत ये. शेणाचं मी बघते."